पार्सल सोडवून घेताना

रशियातल्या कझान शहरात मी सहा वर्षे ज्या इमारतीत राहिले, ती सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्या काळात देशभर उभ्या राहिलेल्या हजारो इमारतींसारखीच पाच मजल्यांची, विटांची आणि लिफ्ट नसलेली होती. तळमजल्यावरच्या एका घराची रस्त्याकडची खिडकी खालपर्यंत फोडून तिथे दार काढले होते आणि दारापर्यंत चढायला लोखंडी कठड्याच्या चार पायऱ्या होत्या. पूर्वी तिथे बूट दुरुस्त करणारा बसे, त्यानंतर काही वर्षे केस कापण्याचे दुकान होते. २०१८च्या पानगळीत तिथे एका मोठ्या ऑनलाइन कंपनीची पाटी लागली. आत जाऊन पाहिले तर विकायला काहीच मांडलेले नव्हते. एक काउंटर, त्यामागे छताला टेकलेले, क्रमांक घातलेले रॅक आणि कोपऱ्यात जाड पडदा लावलेली ट्रायल रूम. पडद्यामागे आरसा, एक स्टूल, पायाखाली सतरंजीचा तुकडा आणि बूट चढवायची लांब पट्टी. काउंटरच्या कडेला विजेचा बोर्ड होता, म्हणजे मागवलेली किटली किंवा केस वाळवायचे यंत्र तिथल्या तिथे लावून पाहता यावे. खोकी उघडण्यासाठी एक लहान सुरी दोरीने काउंटरलाच बांधून ठेवली होती.

या जागेला रशियन भाषेत लांबलचक नाव आहे. त्याचा अर्थ 'ऑर्डर हातात देण्याचे ठिकाण' असा होतो, पण बोलताना तीन आद्याक्षरे जोडून सगळे 'पेवेझे' म्हणतात. रशियातल्या ऑनलाइन खरेदीविषयी कोणी विचारले की मी या खोलीपासूनच सांगायला सुरुवात करते, कारण त्याशिवाय पुढचे काही नीट कळत नाही. आपल्या डोळ्यांसमोर ऑनलाइन खरेदी म्हटले की दाराची बेल, हेल्मेट न काढताच उभा असलेला मुलगा आणि ओटीपी येतो. रशियातही घरपोच वस्तू येतात, मोठ्या शहरांत किराणा तर पंधरा-वीस मिनिटांत येतो. परंतु सामान्य माणसाची बहुतेक खरेदी अशी होत नाही. तो फोनवर वस्तू निवडतो, ती दोन-चार दिवसांत त्याच्या घराजवळच्या पेवेझेत येऊन पडते, फोनवर तसा निरोप येतो आणि मग कामावरून परतताना तो तिथे जातो, फोनवरचा कोड दाखवतो, वस्तू उघडतो, अंगावर घालून पाहतो आणि पटली तरच घरी नेतो. बाजार घरी येत नाही. घरापासून वीस पावलांवर येऊन थांबतो. रशियन माणसाचा विश्वास या वीस पावलांनीच मिळवला, असे मला तिथे राहून ठामपणे वाटू लागले.

आमच्या शेजारच्या घरात चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक बाई एकट्याच राहत. मी त्यांना नाव आणि त्यांच्या वडिलांचे नाव अशी जोड देऊन हाक मारत असे. वडीलधाऱ्यांना हाक मारण्याची तिथली तीच आदराची रीत आहे. इथे मात्र मी त्यांना आजीच म्हणते. पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकून मी कझानला आले होते आणि तिथे वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या आपल्याकडच्या मुलांसाठी दुभाषाचे काम करत होते. पुस्तकी रशियन मला येत होती. बोलण्यातली, स्वयंपाकघरातली आणि रागालोभाची रशियन मला आजींनी शिकवली. त्या वर्षी नोव्हेंबरात त्यांच्या हिवाळी बुटांची चेन तुटली. बाजारात जायचे म्हणजे बर्फावरून बस थांब्यापर्यंत चालणे आले, आणि त्यांच्या गुडघ्यांना ते झेपत नव्हते. म्हणून मी माझ्या फोनवरून त्यांच्यासाठी बुटांचे तीन जोड मागवले. त्या घाबरल्या. "तीन कशाला? पैसे कुणी द्यायचे?" असे त्यांनी मला दोनदा विचारले. एकच घ्यायचा, उरलेले दोन तिथेच ठेवून यायचे आणि तोवर एकही रूबल द्यायचा नाही, हे त्यांना खरे वाटेना.

पार्सल आल्यावर मी त्यांना हाताला धरून त्या चार पायऱ्या चढवून नेले. पडद्याआड स्टूलावर बसून त्यांनी पहिला जोड घातला, तो पोटरीवर चढेना. दुसरा चढला, पण टाच सैल होती. तिसरा घालून त्या उठल्या, सतरंजीवर चार पावले चालल्या, बूट वाकवून शिवण पाहिली, आत हात घालून अस्तर लोकरीचे आहे की नुसते तसे दिसते आहे, ते बोटांनी चाचपले आणि मग काउंटरवर येऊन त्या मुलीला म्हणाल्या, "हे घेते. ते दोन परत घ्या, रागावू नका." मुलगी हसली आणि तिने ते दोन जोड मागच्या टोपलीत टाकले. बाहेर आल्यावर आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सत्तर वर्षांत मी दुकानात पहिल्यांदा 'नको' म्हटले."

या वाक्याचा सगळा अर्थ मला पुढे हळूहळू कळत गेला. सोव्हिएत काळात वस्तू विकत घेण्यासाठी लोक 'विकत घेणे' हे क्रियापद फारसे वापरतच नसत. 'मिळवणे' म्हणत, कष्टाने, ओळखीने, खटपटीने हस्तगत करणे अशी त्या शब्दाची छटा आहे. दुकानात माल विकायला आला तर 'माल टाकलाय' म्हणत. रस्त्यात रांग दिसली तर आधी रांगेत उभे राहायचे, 'शेवटचे कोण?' असे विचारून आपली जागा धरायची आणि मग पुढच्याला 'काय देताहेत?' असे विचारायचे. 'देताहेत' हाच शब्द, विकणे नव्हेच. जाळीची एक पिशवी जो तो खिशात ठेवून हिंडे, आणि तिचे नाव 'आवोस्का' ज्या शब्दावरून पडले त्याचा अर्थ 'कदाचित' असा आहे. कदाचित आज काही मिळेल, म्हणून जवळ बाळगायची ती पिशवी. तरुणपणी आजी युगोस्लाव्हियाहून आलेल्या बुटांसाठी पहाटेपासून रांगेत उभ्या राहिल्या होत्या. रांगेतला क्रमांक तळहातावर शाईच्या पेन्सिलीने लिहिलेला असे आणि तो पुसू नये म्हणून त्यांनी दिवसभर त्या हाताचा मोजा काढला नव्हता. खिडकीशी पोचेपर्यंत त्यांच्या मापाचे बूट संपले, म्हणून त्यांनी एक माप मोठे घेतले आणि पुढे पाच हिवाळे पुढच्या बाजूला कापूस कोंबून घातले. जे मिळाले ते नाकारायचे नाही, ही त्या पिढीची सवय होती. म्हणून बुटांचे दोन जोड परत ठेवण्याला त्यांच्या दृष्टीने फार मोठा अर्थ होता.

टपालाने वस्तू मागवणे त्या देशाला नवे नव्हते. सोव्हिएत काळात 'पोसिलतोर्ग' नावाची सरकारी संस्था होती. तिच्या यादीतून वस्तू निवडायची आणि ती टपालाने यायची. टपाल कार्यालयात पैसे भरून पार्सल ताब्यात घेण्याची पद्धतही तिथे रुळलेली होती, आपल्याकडच्या व्हीपीसारखी. आपण व्हीपी 'सोडवून घेतली' म्हणतो ना, अगदी तसाच शब्द रशियन ऑनलाइन खरेदीतही आहे: 'विकुप'. ओलीस ठेवलेला माणूस किंवा गहाण टाकलेली वस्तू सोडवून घेणे हा त्याचा मूळ अर्थ, आणि लग्नाच्या दिवशी नवरीच्या मैत्रिणी नवऱ्या मुलाला दारात अडवून त्याच्याकडून जे उकळतात त्यालाही हाच शब्द आहे. मागवलेल्या मालापैकी किती माल गिऱ्हाइकाने सोडवला, याची टक्केवारी कंपन्या आणि विक्रेते तिथे काळजीपूर्वक पाहतात. हा शब्द मी पेवेझेत पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला माझ्या आजोळच्या पोस्टमनची आठवण झाली. तो पायरीवर बसे, पार्सल मांडीवर ठेवी आणि आजोबा पैसे मोजत असताना त्यावरचा हात काढत नसे.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर १९९०च्या दशकात टंचाई संपली, पण तिच्या जागी अविश्वास आला. कामावरून कमी झालेले शिक्षक आणि इंजिनिअर चौकड्यांच्या मोठ्या पिशव्या घेऊन तुर्कस्तान आणि चीनला जाऊ लागले, तिथला माल आणून उघड्या बाजारांत विकू लागले. त्यांना लोक 'चेलनोक' म्हणत; मागावर इकडून तिकडे धावणारा धोटा, हा त्याचा अर्थ. मॉस्कोतला चेर्किझोव्हस्की बाजार हा अशा व्यापाराचा सर्वांत मोठा अड्डा होता आणि तो २००९ मध्ये बंद करण्यात आला. उणे वीस अंशांत पुठ्ठ्याच्या तुकड्यावर उभे राहून, आडोशाला कोणी चादर धरली असताना पँट घालून पाहिल्याच्या आठवणी कझानमधल्या माझ्या वयाच्या मैत्रिणी आजही सांगतात. माल आत एक, बाहेर दुसरा. पैसे दिले की विक्रेता ओळख देत नाही. अशा बाजारात वाढलेल्या माणसाला न पाहिलेल्या वस्तूचे पैसे आधी भरायला सांगितले, तर तो भरणार नाही, हे उघड होते.

हे ज्यांना आधी उमगले त्यांचा धंदा वाढला. 'ओझोन' १९९८ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये पुस्तके विकणारे संकेतस्थळ म्हणून सुरू झाले. तेव्हा तिथे घरी इंटरनेट असणारी माणसे मोजकीच होती. 'वाइल्डबेरीज'ची सुरुवात २००४ची. तात्याना बाकालचुक ही इंग्रजी शिकवणारी अठ्ठावीस वर्षांची बाई बाळंतपणाच्या रजेवर होती. मॉस्कोतल्या आपल्या राहत्या घरातून तिने जर्मनीतल्या 'ओटो' आणि 'क्वेले' या कंपन्यांच्या कॅटलॉगमधले कपडे लोकांना मागवून देण्याचा उद्योग सुरू केला. लहान मूल घरात असताना दुकानांत हिंडणे किती कठीण जाते, हे ती स्वतः अनुभवत होती. पुढे फोर्ब्सच्या यादीत ती रशियातली सर्वांत श्रीमंत स्त्री ठरली आणि तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. २०२४ मधले कंपनीचे विलीनीकरण आणि तिचा घटस्फोट यांविषयी तर फारच. मला मात्र त्या पहिल्या घराचे मोल अधिक वाटते, कारण कपडे घालून पाहायला मिळणे म्हणजे काय, हे ठाऊक असलेल्या बाईने उभारलेला हा व्यापार होता. ट्रायल रूम, पसंत न पडल्यास परत आणि पैसे वस्तू हातात आल्यावर, या तीन गोष्टींवर ती कंपनी दूरदूरच्या गावांत पोचली.

दूर म्हणजे किती, याची कल्पना आपल्याला सहसा येत नाही. अकरा कालविभागांचा देश आहे तो. मॉस्कोहून व्लादिवोस्तोकला जाणारा रेल्वेमार्ग ९,२८९ किलोमीटरचा आहे. याकुत्स्कपाशी लेना नदीवर पूल नाही; हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून ट्रक जातात, उन्हाळ्यात फेरीबोटी चालतात आणि बर्फ धरण्या-वितळण्याच्या आठवड्यांत दोन्ही थांबतात. नोरिल्स्कला उर्वरित देशाशी जोडणारा रस्ताही नाही आणि रेल्वेही नाही. तिथले लोक बाकीच्या रशियाला 'मुख्य भूमी' म्हणतात, जणू आपण बेटावर राहतो. अशा गावातल्या दुकानांत जे येईल ते आणि म्हणेल त्या भावाला घ्यावे लागे. तिथल्या शाळकरी मुलीला मॉस्कोतल्या मुलीसारखाच स्वेटर, त्याच संकेतस्थळावर, त्याच छायाचित्रात दिसू लागला, ही गोष्ट माझ्या लेखी कोणत्याही उलाढालीच्या आकड्यापेक्षा मोठी आहे.

या सगळ्याचा भार आधी टपाल खात्यावर पडला होता. २०१०च्या दशकाच्या सुरुवातीला चिनी संकेतस्थळांवरून, विशेषतः 'अलीएक्सप्रेस'वरून, रशियन माणसे इतक्या लहानसहान वस्तू मागवू लागली की २०१३च्या वसंतात मॉस्कोच्या विमानतळांवर परदेशी पार्सलांचे ढीग साचले. त्या काळात कागदाची सूचना चिठ्ठी घेऊन टपाल कार्यालयात जायचे, तासभर उभे राहायचे आणि आपले पार्सल त्या दिवशी सापडेल अशी आशा धरायची, असा क्रम होता. कंपन्यांनी स्वतःची गोदामे, स्वतःचे ट्रक आणि स्वतःची पेवेझे उभारली, त्यामागे ही अडचण होतीच. कझानच्या पश्चिमेला झेलेनोदोल्स्कच्या बाजूला अशी मोठी गोदामे उभी राहिली, आणि मग मॉस्कोचा माल आमच्या गल्लीत दोन दिवसांत येऊ लागला.

मग २०२० आले. तातारस्तानात, म्हणजे कझान ज्याची राजधानी आहे त्या प्रांतात, एप्रिलमध्ये घराबाहेर पडायचे तर एसएमएस पाठवून कारण कळवावे लागे आणि परवानगीचा कोड आला तरच बाहेर पडता येई. पेवेझेतल्या ट्रायल रूमचा पडदा बाजूला सारून दोरीने बांधला होता आणि आत जायच्या जागी खुर्ची आडवी ठेवली होती. तोवर केवळ कपडे-बूट मागवणारी माणसे आता बियाणे, मांजरांचे खाणे, कणीक, साबण असे सगळे मागवू लागली. ऑनलाइन व्यापार करणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेच्या हिशोबानुसार २०१९ मध्ये रशियातली ऑनलाइन विक्री सुमारे २ लाख कोटी रूबलची होती, ती २०२० मध्ये सुमारे ३.२ लाख कोटींवर गेली. आजी स्वतःचा फोन हाताळायला शिकल्या त्याच वसंतात. मी दाराबाहेर उभी राहून सांगायची आणि त्या आतून दाबत जायच्या.

युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर २०२२च्या मार्चमध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने रशियातले काम थांबवले, आयकिया, झारा, एचअँडएम यांची दुकाने बंद झाली. कझानच्या आयकियाचा पिवळा-निळा फलक मी निघाले तेव्हा अजून दिसत होता, पण वाहनतळावर एकही गाडी नव्हती. आजींना या सगळ्याचे फार दुःख होते, मात्र ते बंद दुकानांसाठी नव्हते. त्यांच्या बहिणीची नात युक्रेनमधल्या खार्किवला राहत होती. व्यापारापुरते बोलायचे तर देशातली 'मीर' कार्डे आणि फोनवरून पैसे पाठवण्याची देशी व्यवस्था आधीच तयार होती, त्यामुळे देशातल्या देशातली ऑनलाइन खरेदी अडली नाही. उलट बंद झालेल्या दुकानांचे गिऱ्हाईक तिकडेच वळले. कायद्याने मुभा मिळाल्यावर परदेशी माल मूळ कंपनीच्या संमतीशिवाय तिसऱ्या देशांतून येऊ लागला, आणि इवानोवोसारख्या जुन्या कापड गावांतले कारखाने चादरी, टॉवेल, झगे थेट या संकेतस्थळांवर विकू लागले.

हे सगळे लिहिताना मला एक गोष्ट दडवून ठेवता येत नाही. आजींना 'नको' म्हणता आले, त्या 'नको'ची किंमत शून्य नव्हती. ती दुसरे कोणीतरी भरत होते. हळूहळू काही वस्तू परत केल्यास गिऱ्हाइकाकडून पैसे घेतले जाऊ लागले, पण खरा भार काउंटरमागच्या माणसावर पडला. पेवेझे हे बहुधा कंपनीचे नसते. आपल्यासारखाच कोणी माणूस जागा भाड्याने घेतो, रॅक लावतो, पाटी रंगवतो आणि वाटलेल्या मालावर टक्केवारी मिळवतो. २०२३च्या मार्चमध्ये वाइल्डबेरीजच्या अनेक केंद्रचालकांनी केंद्रे बंद ठेवून निषेध केला, तो याच कारणाने: परत आलेली वस्तू फुटलेली किंवा बदललेली निघाली, की तिची रक्कम त्यांच्या हिशोबातून वजा होत असे. तेव्हापासून खोके उघडणे हे दोन्ही बाजूंनी कॅमेऱ्यासमोर करायचे काम झाले आहे. एकेकाळी रांगेतल्या माणसाला दुकानदाराची भीती वाटे. आता दुकानदाराच्या जागी बसलेल्या मुलीला रांगेतल्या प्रत्येक माणसाची भीती वाटते. ही भीती काढून टाकण्याची जबाबदारी ज्यांच्याकडे गोदामे, ट्रक आणि पैसा आहे त्यांची आहे, असे मी मानते, आणि ती त्यांनी घ्यावी असे मला मनापासून वाटते.

डिसेंबर २०२३ मध्ये मी पंधरा दिवसांसाठी कझानला गेले. नाक्यावरचे पावाचे दुकान आणि बटणे-दोरे विकणारे छोटे दुकान, दोन्ही बंद झाली होती. त्या एका गल्लीत आता तीन पेवेझे होती. नव्या वर्षाची खरेदी चालू होती, दारापासून पायऱ्यांपर्यंत माणसे उभी होती आणि आजींनी, आता ऐंशीला टेकलेल्या, आत शिरताच सवयीने विचारले, "शेवटचे कोण?" लोकरीची टोपी घातलेल्या एका तरुणाने हात वर केला.

त्यांनी चहाचे दोन कप मागवले होते, एक माझ्यासाठी. आमची पाळी आली तेव्हा काउंटरवरच्या मुलीने खोके पुढे केले आणि सुरीकडे हात नेला. ही मुलगी नवी होती. आधीची मुलगी तीन महिन्यांपूर्वी काम सोडून गेली, कारण एका फुटलेल्या आरशाचे पैसे तिच्या पगारातून गेले, असे आजींनी मला वाटेत सांगितले होते. आजींनी तिच्या हातून सुरी काढून घेतली. खोके कॅमेऱ्याच्या बरोबर खाली सरकवले, चिकटपट्टीच्या चारही कडा सावकाश फिरवून दाखवल्या, मग ती कापली आणि पहिला कप दोन्ही हातांत धरून वर उचलला. कानापासून तळापर्यंत एक बारीक तडा गेला होता. त्यांनी तो तडा कॅमेऱ्याकडे वळवला, चष्मा कपाळावर चढवला आणि छताकडे पाहून, वर्गात हजेरी देताना बोलावे तशा स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "खोके बंद होते. कप आतच तडकलेला आला आहे. मुलीने त्याला हात लावलेला नाही."